टाकलेले पत्ते

बारामतीहून मी महिन्यातून एकदा तरी इंदापूरला जातो. शेजारी विचारतात तेव्हा नरसिंहपूरला दर्शनाला चाललोय असं सांगतो. आमचं कुलदैवत तिथलंच आहे, त्यामुळे ते अगदीच खोटंही नसतं. पण जातो तो दीप्तीकडे. मुलीच्या सासरी सारखं जाणारा बाप दुसऱ्यांना खुपतो की नाही ठाऊक नाही. मला मात्र एसटीत बसल्यापासून खुपायला लागतो.

दीप्ती माझी एकुलती एक, उशिरा झालेली मुलगी. तिचा नवरा ऋतिक बारामतीच्या एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यात आहे आणि रोज मोटारसायकलवरून जा-ये करतो. मी कॉलेजात ग्रंथपाल होतो तेव्हा तो वाचनालयात पंख्याखाली झोपायला यायचा. त्याचे वडील आबाजी, आई आक्काबाई आणि धाकटी बहीण वैष्णवी. आबाजींचे वडील कऱ्हाटीकडून मेंढरं घेऊन पावसाळ्यानंतर कोकणात उतरायचे. आबाजींनी इंदापूरच्या बाहेर जमीन घेतली, मेंढरं विकली, ऊस आणि डाळिंब लावलं. आता घरासमोर ट्रॅक्टर आहे आणि आबाजी दिवसभर कुणाला ना कुणाला रागावत असतात.

त्या रविवारी दीप्ती स्टँडवर स्कूटर घेऊन आली होती. मी मागे बसायच्या आधीच तिनं विषय काढला.

"बाबा, आज सांगून टाका."

"काय?"

"काय म्हणजे? खोलीचं. बँकेत एक माणूस बदलून आलाय, तो संध्याकाळी खोली बघायला येतोय. तुम्ही येणार असाल तर मी त्याला नको म्हणते. नाहीतर तो सामान टाकून मोकळा होईल."

मागची खोली म्हणजे पूर्वीची कडब्याची खोली. माझी बायको यशोदा गेल्यानंतर दीप्तीनं तिला गिलावा करून घेतला, खिडकी पाडून घेतली, माझ्या पुस्तकांसाठी भिंतीत फडताळं करून घेतली. हे सगळं मला न विचारता केलं, आणि नंतर वर्षभर विचारत राहिली.

"संध्याकाळी सांगतो," मी म्हणालो.

"संध्याकाळी म्हणजे संध्याकाळी. परत 'बघू' म्हणायचं नाही."

ती चिडली होती हे मला तिच्या पाठीवरून कळत होतं. तिला सांगण्यासारखं कारण माझ्याकडे नव्हतं. जे होतं ते सांगायला लाज वाटत होती.

त्या घरात मला कुणी काही म्हणत नाही, हे ते कारण. आबाजी गेटसमोर मोटारसायकल लावणाऱ्या शेजाऱ्याला ओरडतात, मुलाला ओरडतात, आक्काबाईंना ओरडतात आणि आक्काबाई त्यांना दुप्पट ओरडतात. मी समोर आलो की आवाज खाली येतो. मागे एकदा माझ्या हातून पाण्यानं भरलेली कळशी वाळवणाच्या पापडांवर कलंडली. आक्काबाई म्हणाल्या, "बरं झालं, फरशी धुवायचीच व्हती." त्याच आठवड्यात वैष्णवीच्या हातून पेलाभर ताक सांडलं, तर त्या पोरीचा उद्धार दिवे लागेपर्यंत चालला होता. मी कोपऱ्यात बसून तो ऐकत होतो आणि मला तिचा हेवा वाटत होता. जिथं आपल्याला कुणी रागावत नाही तिथं कायमचं राहायला जायचं म्हणजे लॉजवर राहायला जाण्यासारखंच. फक्त इथं लॉजवाला पाया पडतो.

म्हणून मी एसटीत बसल्या बसल्या एक ठरवलं होतं. दुपारी पोकरची स्पर्धा होती. तिच्यात मला या घरातल्या कुणी सरळ, मान न ठेवता हरवलं, तर हो म्हणायचं. नाही हरवलं, तर खोली बँकेतल्या माणसाला. शहाण्या माणसानं असे निर्णय अशा रीतीनं घेऊ नयेत हे मला समजतं. पण दुसऱ्या कुठल्याही रीतीनं तो मला वर्षभर घेता आला नव्हता.

पोकर या घरात ऋतिकनं आणला. कारखान्याच्या कँटीनमध्ये तो मोबाइलवर शिकला. आबाजींनी ते पाहिलं आणि मोबाइल काढून घेतला. "पैशाचा खेळ हितं चालायचा न्हाय," असं दरडावलं, मग खेळ काय असतो ते समजून घेतलं, आणि दुसऱ्या रविवारी स्वतःच चिंचोक्यांची पिशवी घेऊन बसले. आता सणावाराला, सुट्टीला पोर्चमध्ये सतरंजी पडते. हुरडा सुरू झाला की वर्षातली मोठी स्पर्धा होते. जिंकणाऱ्याला ऋतिकला कारखान्यातून भेट मिळालेली स्टीलची किटली मिळते. वर्षभर ती त्याच्या नावानं शोकेसमध्ये राहते. गेल्या वर्षी ती आबाजींची होती, आणि आलेल्या प्रत्येकाला त्यांनी ती काढून दाखवली होती.

खेळ तसा सोपा आहे. प्रत्येकाला दोन पत्ते मिळतात, ते दुसऱ्याला दाखवायचे नाहीत. मध्ये सतरंजीवर हळूहळू पाच पत्ते उघडे पडतात, ते सगळ्यांचे. सात पत्त्यांतून ज्याचे पाच चांगले त्याचा डाव. पण खरी गंमत पत्त्यांची नाही, चिंचोके वाढवण्याची आहे. तुमच्याकडे काही नसतानाही तुम्ही वाढवू शकता. समोरचा घाबरला तर पत्ते टाकतो, म्हणजे पॅक करतो, आणि डाव तुमचा. नाही घाबरला तर म्हणतो "दाखवा". मी बारामतीच्या वाचनालयातून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणून हे सगळं वाचलं होतं. शक्यतांचं प्रकरण मला समजलं. समोरचा माणूस कसा ओळखावा हे प्रकरण दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा हे आपल्याला जमणार नाही असं वाटलं.

या घराचा स्वतःचा एकच जादा नियम होता. टाकलेले पत्ते मेले. ते कुणी उलटून बघायचे नाहीत. बघितले तर तो माणूस स्पर्धेतून बाद, आणि सगळ्यांचे कप त्यानं धुवायचे. एकदा ऋतिकनं आईचे टाकलेले पत्ते उलटून "काही नसताना मला फसवलंस" म्हणून भांडण काढलं होतं, तेव्हापासून आबाजींनी हा नियम केला.

जेवण झाल्यावर सगळे सतरंजीवर बसले. मला खुर्ची आली. खुर्चीवर उशी आली. समोर पत्ते ठेवायला स्टूल आलं.

"मी खालीच बसतो," मी म्हणालो.

"छ्या छ्या. पाव्हणं खाली?" आबाजी म्हणाले. "ऋतिक, उशी नीट कर."

त्या खुर्चीवरून सतरंजीवरचे पत्ते मला नीट दिसत नव्हते. माझा चष्मा वाचायचा, आणि पत्ते जमिनीवर. वैष्णवी प्रत्येक पत्ता पडला की वर बघून मला सांगायची, "काका, बदाम सात. काका, किलवर राणी." जणू मी परगावाहून फोनवर खेळत होतो.

सुरुवातीला चहा आला. सगळ्यांना साधे कप, मला फुलांच्या नक्षीचा कप, बशीसकट. चहा अतिशय गोड होता.

"साखर बरोबर हाय न्हवं?" आक्काबाईंनी विचारलं.

"अगदी बरोबर," मी म्हणालो.

पहिल्याच डावात मला दोन राण्या आल्या आणि सतरंजीवर तिसरी पडली. माझ्यासमोर आक्काबाई उरल्या होत्या. त्यांनी चिंचोके वाढवले. पुस्तकाप्रमाणे इथं मी उलट वाढवायला हवं होतं. पण विहीणबाईंना पहिल्याच डावात लुटायचं, तेही त्यांच्या घरी जेवून उठल्यावर, हे माझ्या हातून होईना. मी पॅक केलं.

त्यानंतर थोड्या वेळानं वैष्णवीनं दीप्तीच्या टाकलेल्या पत्त्यांचा कोपरा नखानं उचलला. आबाजींची नजर तिथंच होती.

"ऊठ."

"आबा, मी नुसतं सरळ करत होते."

"ऊठ म्हंतो न्हवं. कपं गोळा कर."

"पण अजून माझे एवढे चिंचोके..."

"ती माझ्याकडं दे आन मोरीत जा. रूल म्हंजे रूल. बापाच्या घरी बी रूल."

वैष्णवी पाय आपटत कप घेऊन गेली. जाताना म्हणाली, "वहिनीकडं काही नव्हतंच. उगीच बाद झाले."

"बगितलंस ना मग?" आबाजी ओरडले, आणि सगळे हसले. मीही हसलो, पण खुर्चीवरून.

मग माझं सुरू झालं. मला चौकट सत्ती आणि इस्पिक दुर्री आली. पुस्तकात हा सगळ्यात वाईट हात म्हणून दिला आहे. मी ठरवलं की वाढवून बघू, कुणीतरी "दाखवा" म्हणेल, मी दाखवीन, सगळे हसतील, आणि ते हसणं माझ्यावर असेल. मी मूठभर चिंचोके पुढे सारले.

ऋतिकनं पत्ते टाकले. दीप्तीनं टाकले. आबाजींनी माझ्याकडे आदरानं बघितलं.

"सरांनी वाढिवलंय म्हंजे असणार," ते म्हणाले. "सर कशाला थापा मारत्याल?" आणि त्यांनीही टाकले.

आक्काबाई थोडा वेळ पत्ते धरून होत्या. मग त्याही म्हणाल्या, "घ्या."

पुढच्या डावात परत तेच. त्याच्या पुढच्या डावातही. मी जितके जास्त चिंचोके सारायचो तितक्या झटपट ते पत्ते टाकायचे. माझ्यासमोर स्टुलावर ढीग झाला. काही चिंचोके खाली घरंगळले तर ऋतिक ते उचलून परत माझ्याच ढिगात ठेवायचा. मला त्या ढिगाचा राग यायला लागला. शेवटी मी मिळालेले पत्ते उचललेसुद्धा नाहीत. ते पालथेच ठेवून मी सगळा ढीग दोन्ही हातांनी पुढे ढकलला.

"सर," ऋतिक म्हणाला, "तुम्ही पत्ते बघितलेच नाहीत."

"नाही बघितले."

तो विचारात पडला. त्याचा हात त्याच्या चिंचोक्यांकडे गेला. त्याच्याकडे काहीतरी चांगलं आहे हे मलाही कळलं, म्हणजे ते प्रकरण अगदीच वाया गेलं नव्हतं. तेवढ्यात आबाजी खोकले. ऋतिकनं वडिलांकडे बघितलं आणि हात मागे घेतला.

"पॅक," तो म्हणाला.

मी पाणी प्यायला म्हणून आत गेलो. दीप्ती मागोमाग आली.

"बाबा, काय चाललंय? नीट खेळा ना. न बघता सगळे चिंचोके कोण लावतं?"

"मग त्यांनी हरवावं ना मला. ऋतिककडे होतं काहीतरी."

"दोन एक्के होते. मला आत्ता सांगितलं त्यानं."

"मग टाकले का?"

"तुमचा मान ठेवतात ते."

"मला नकोय मान."

"मग काय हवंय?"

मी माठाचं झाकण परत नीट ठेवलं. काय हवंय ते एका वाक्यात सांगता येण्यासारखं असतं तर मी स्कूटरवरच सांगितलं असतं.

"आणि सुरुवात तुम्हीच केली," ती हळू आवाजात म्हणाली. "पहिल्या डावात तीन राण्या होत्या तुमच्याकडे. खुर्चीशेजारून मला दिसत होत्या. आईंसाठी टाकल्या ना? आणि तो चहा. तुम्ही बिनसाखरेचा पिता आणि त्यांना 'अगदी बरोबर' सांगता. दोन वर्षं झाली, त्या दर वेळी आणखी अर्धा चमचा वाढवतात. त्यांना वाटतं तुम्हाला गोड आवडतं."

हे मला माहीत नव्हतं. मला वाटत होतं त्या घरात सगळेच तसा पितात.

"जाऊ दे," ती म्हणाली. "तो बँकेवाला पाचला येणार आहे."

बाहेर आलो तर आबाजी आणि आक्काबाई यांचं जुंपलं होतं. आक्काबाईंकडे दोन राण्या होत्या आणि त्यांनी होते नव्हते ते चिंचोके लावले होते. आबाजींनी "दाखवा" म्हटलं आणि आपले पत्ते फटाफट आपटले. पाचही इस्पिक.

"मग? ह्येला म्हंत्यात डाव."

"बायकूला नागवून मिशीला पीळ देतोय बगा," आक्काबाई म्हणाल्या. "लाज न्हाय वाटत?"

"खेळात कसली लाज? आन तू मागल्या दिवाळीला मला भिकंला लावलं, तवा?"

"ती दिवाळी येगळी."

त्या उठून भिंतीला टेकून बसल्या आणि आबाजींना जमेल तितकं टोचत राहिल्या. मी त्या दोघांकडे बघत होतो. आबाजींचा चेहरा फुलला होता. हाच माणूस माझ्याशी खेळताना लग्नात आहेर घेतल्यासारखा बसायचा.

पुढच्या तासाभरात दीप्ती बाद झाली, मग ऋतिक. दोघांनाही आबाजींनी संपवलं. मला कुणी हात लावला नाही आणि माझ्या हातून कुणी मेलंही नाही. शेवटी सतरंजीवर आबाजी आणि खुर्चीवर मी, एवढेच उरलो. दुसऱ्यांदा चहा झाला. कपांचा ढीग मोरीत गेला. किटली शोकेसमधून काढून मध्ये ठेवली गेली. वैष्णवी पत्ते वाटायला बसली.

मी आबाजींकडे नीट बघायचं ठरवलं. त्यांना किटली हवी होती. ते तिच्याकडे सारखे बघत होते. म्हणजे इथं तरी ते खेळतील.

मला नव्वी आणि गुलाम आला. सतरंजीवर पत्ते पडायला लागले.

"काका, बदाम बादशा. किलवर चौका. चौकट बादशा."

पहिले तीन पत्ते पडले तेव्हा आबाजींच्या नाकपुड्या जराशा फुगल्या. त्यांनी चिंचोके लावले. मीही लावले.

"इस्पिक नव्वी."

आता माझ्याकडे दोन बादशा आणि दोन नव्व्या, अशा दोन जोड्या झाल्या होत्या. वाईट नाही, फार चांगलं नाही. आबाजींनी आणखी लावले. मीही. शेवटी एक दुर्री पडली, तिचा कुणालाच उपयोग नव्हता. आबाजी थांबले. माझी पाळी होती. मी सगळे चिंचोके पुढे सारले. या वेळी मी थापा मारत नव्हतो आणि मुद्दाम हरतही नव्हतो. बऱ्यापैकी पत्ते होते, बऱ्यापैकी भीती होती, पुस्तकात सांगितल्याप्रमाणे मी खेळलो होतो.

आबाजींनी आपले पत्ते उचलले, बघितले, खाली ठेवले. किटलीकडे बघितलं. मग माझ्याकडे, म्हणजे माझ्या खुर्चीकडे बघितलं. त्यांचा हात चिंचोक्यांवर गेला, पसरला आणि तिथंच थांबला.

"पॅक," ते म्हणाले. "घ्या पाव्हणं. किटली तुमची."

त्यांनी पत्ते पालथे पुढे टाकले आणि उरलेले चिंचोकेही माझ्याकडे सारले. ऋतिकनं टाळ्या वाजवल्या. मी खुर्चीवरून खाली वाकलो, आणि काय करतोय हे मला कळायच्या आत आबाजींचे पत्ते उलटे केले.

बादशा आणि चौका.

सतरंजीवरचे दोन बादशा आणि एक चौका मिळून त्यांच्याकडे तीन बादशा आणि दोन चौके होते. असा हात या घरात वर्षातून दोनदा कुणाला येत असेल. तो हातात धरून आबाजींनी माझ्या दोन जोड्यांपुढे डाव सोडला होता.

"आबाजी, हे काय?" मी म्हणालो.

"काय न्हाय. वाटलं तुमच्याकडं मोठं आसंल."

"याच्यापेक्षा मोठं काय असणार?"

"आसतं की एखाद्या वक्ताला."

"तुम्हाला माहीत होतं तुम्ही जिंकताय."

सतरंजीचा एक सुटलेला धागा ते बोटानं आत सारत होते. तेवढ्यात वैष्णवी म्हणाली, "आबा, काकांनी टाकलेले पत्ते उलटले."

"वैष्णवी," दीप्ती म्हणाली.

"उलटले की. मला तेवढ्यावरून बाद केलं."

मला तेव्हा कुठे कळलं की मी काय केलंय. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मला, खरं सांगायचं तर, बरं वाटलं.

"बरोबर आहे तिचं," मी म्हणालो. "मी बाद."

"आसू द्या, आसू द्या," आबाजी म्हणाले. "पाव्हण्यांना कसला रूल."

"का?"

"का म्हंजे? तुमाला कसा लागंल?"

"बापाच्या घरीसुद्धा नियम असतो, असं तुम्हीच म्हणालात. मग मी कोण?"

"तुमी व्याही," आबाजी समजूत घालत म्हणाले. "मुलीचा बाप. तुमाला मी हितं बोलावून हरवायचं? उद्या चार लोकं काय म्हंतील, आबानं व्याह्याला हितं बसवून लुटलं."

"चिंचोके आहेत ते!" मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. वाचनालयात इतकी वर्षं काढल्यावर चढलेला आवाज कसा वापरायचा ते माहीत नसतं. तो मध्येच फाटला. "मला जिंकायचं नव्हतं. तुम्हाला जिंकायचं होतं. मघापासून तुम्ही त्या किटलीकडे बघताय. आणि आता मी नियम मोडला तरी तुम्ही... मला या घरात चूकसुद्धा करता येत नाही का?"

ऋतिक पत्ते गोळा करत होता, तो थांबला. मी फार बोललो असं मला लगेच वाटलं, आणि माफी मागायला तोंड उघडलं.

"लागतो," भिंतीला टेकलेल्या आक्काबाई म्हणाल्या.

"काय लागतो?" आबाजींनी विचारलं.

"रूल. सरांना बी लागतो. कपं तितं मोरीत हायती." त्या माझ्याकडे न बघता बोलत होत्या. "उठा सर. राख न्हाय, साबण हाय. वरच्या फळीवर."

"आगं, पाव्हण्याला भांडी घासाय लावतीस व्हय?"

"तुमी गप बसा. हातात बादशा आसून टाकून दिला, ती बी चूकच. मला मारताना तुमचा हात थरथरला न्हाय. ह्यांच्या म्होरं कसा थरथरला?"

आबाजी तांबडे झाले. त्यांना कुठंतरी राग काढायचा होता आणि त्या पोर्चमध्ये सगळ्यांवर काढून झाला होता. ते माझ्याकडे वळले.

"आन तुमी बी," ते म्हणाले, नेहमीच्या आवाजात, ज्या आवाजात ते शेजाऱ्याला गाडी काढायला सांगतात. "टाकल्यालं पत्तं उलटायचं कशाला? माझं पत्तं हायती. मी टाकीन न्हाय तर चुलीत घालीन. एवढी बुकं वाचली, एवढं कळंना?"

"कळायला हवं होतं," मी म्हणालो.

"मग?"

मी खुर्चीवरून उठलो आणि मोरीकडे गेलो. मागे आबाजी म्हणत होते, "असली किटली मला नगं. ठिवा परत कपाटात," आणि ऋतिक त्यांची समजूत घालत होता.

मोरीत कप बरेच होते. माझा फुलांचाही त्यांत होता. मी साबण घेतला आणि एकेक कप घासायला लागलो. मनात जे चाललं होतं त्याला समाधान म्हणता येणार नाही. मला चांगल्या पत्त्यांनी कुणीतरी हरवायला हवं होतं. तसं झालं नाही. पोरासारखा नियम मोडून मी बाहेर पडलो होतो. मला हा खेळ येतो की नाही हे मला आजही माहीत नाही. आणि आक्काबाईंनी मला उठवलं ते खरंच उठवलं, की पाहुण्याची हौस म्हणून? पाहुण्याला हुरडा हवा तर हुरडा देतात, शिव्या हव्या तर शिव्या. हा विचार आला आणि मी तोच कप पुन्हा घासायला घेतला.

दीप्ती दारात येऊन उभी राहिली.

"बाबा, तो आलाय. बँकेवाला. खोली दाखवू का?"

"थांब जरा."

"थांब काय? तो गेटवर उभा आहे."

तेवढ्यात आक्काबाई आत आल्या. मी धुऊन पालथे घातलेल्या कपांतला एक त्यांनी उचलला, आतून बोट फिरवलं आणि परत माझ्यासमोर ठेवला.

"ह्येच्या बुडाला साबण हाय."

मी तो परत धुतला. त्यांनी दुसरा उचलला.

"ह्येला बी. पाणी वाचवायला सांगिटलंय का कुणी? ह्यातनं उद्या चहा प्यायचाय आपल्याला. फेस येईल चहाला."

त्यांच्या आवाजात पाहुणचार शोधायचा मी प्रयत्न केला. तो तिथं नव्हता. पापडांवर पाणी सांडलं तेव्हा जो होता तो नव्हता. वैष्णवीला ताकासाठी मिळालेला आवाज हाच असावा, पहिल्या पाच मिनिटांतला.

"दीप्ती," मी म्हणालो, "त्यांना सांग, खोली मोकळी नाही."

ती हलली नाही. "नक्की?"

"आणि चहा विचार त्यांना. आलेत लांबून."

ती गेली. आक्काबाईंनी ऐकलं असणार. त्या तिसरा कप उजेडाकडे धरून बघत होत्या. तो माझा फुलांचा कप होता.

"ह्येला बी हाय," त्या म्हणाल्या.

मी कप हातात घेतला. चष्मा पुसला. कप खिडकीकडे धरला आणि आतून बोट फिरवलं.

"याला नाही," मी म्हणालो.

"हाय की. ती बगा कडंला."

"ती नक्षी आहे आक्काबाई. साबण नाही."

"नक्षी भाईरनं हाय. आत कुठली नक्षी?"

"आतही आहे. आणि चहाचं म्हणाल, तर मला साखर चालत नाही. दोन वर्षं झाली, मी तो तसाच पितोय."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांचा आवाज वर गेला.

"मग सांगाय काय झालं हुतं? दोन वर्सं मी साखर वततीया तुमच्या चहात!"

"काय झालं गं?" आबाजींनी पोर्चमधून विचारलं.

"ह्यांना विचारा," आक्काबाई म्हणाल्या. "आन तो कप द्या हिकडं."

"साबण नाहीये त्याला," मी म्हणालो, आणि कप दिला नाही.